गारवा कुणाच्या खर्चाने?

नागपूरकर उन्हाची तक्रार करतो तेव्हा तीत थोडा अभिमानही मिसळलेला असतो. २३ मे २०१३ रोजी शहरात ४७.९ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले. हा आकडा इथे पोराच्या दहावीच्या टक्क्यांसारखा सांगितला जातो. मार्च सरता सरता कूलर बाहेर निघतो, त्याच्या ताट्यांतली जुनी खस बदलली जाते, टाकीत पाणी कोणी भरायचे यावरून घरात वाद होतात. हवा कोरडी आहे तोवर कूलरला तोड नाही. मेअखेरचा नवतपा संपून जूनचा दमटपणा आला की मात्र तो नुसता चिकचिकाट करतो, आणि ज्याची ऐपत आहे तो एसीकडे वळतो.

बेसा, मनीषनगर, वर्धा रोड या बाजूच्या नव्या इमारती पाहिल्या तर बाल्कनीबाल्कनीत एसीचा बाहेरचा डबा दिसतो. इमारतींची बांधणी बहुधा ठरलेली: पातळ भिंती, पश्चिमेला छज्जा नसलेल्या मोठ्या खिडक्या, वर उघडा स्लॅब. दिवसभर प्यायलेले ऊन तो स्लॅब रात्री घरात सोडतो. मग ते बाहेर काढायला वीज लागते. ज्या उन्हाला दाराबाहेरच थांबवता आले असते त्याला आत घ्यायचे आणि पैसे मोजून पुन्हा बाहेर घालवायचे, असा हा उद्योग आहे. बाहेर घातलेली उष्णता जाते कुठे? गल्लीतच राहते, शेजारच्या कूलरवाल्याच्या खिडकीसमोर.

या गारव्याचा खर्च कोण देतो, असे विचारले तर पहिले उत्तर सोपे आहे: ज्याच्या नावाने महावितरणचे बिल येते तो. पण बिलात सगळा खर्च येत नाही. शहराच्या उत्तरेला कोराडी आणि खापरखेडा ही औष्णिक वीज केंद्रे आहेत. कोळशावरच्या एका युनिटमागे साधारण ६०० ते ७०० ग्रॅम कोळसा जळतो आणि आपल्याकडच्या कोळशात राख भरपूर असते. जुलै २०२२ मध्ये भर पावसात खसाळ्याच्या राख-तलावाचा बांध फुटला आणि राखेचे पाणी आसपासच्या शिवारात पसरले. त्या शिवारातल्या शेतकऱ्याने कुणाच्या एसीचे पैसे भरले? वीज राज्याच्या जाळ्यात जाते, त्यामुळे अमुक घराचा एसी तमुक राखेला जबाबदार, असे बोट दाखवता येत नाही. जबाबदारी अशी पातळ होत होत कुणाचीच उरत नाही, आणि म्हणूनच हा प्रश्न इंजिनियरच्या टेबलावरून धर्मविचाराच्या दारात येतो. घेतलेले परत न देता एकट्याने भोगणाऱ्याला गीतेच्या तिसऱ्या अध्यायात सरळ चोर म्हटले आहे. अस्तेय आणि अपरिग्रह ही व्रते विजेच्या आधीची आहेत, पण ती विजेला लागू होत नाहीत असे कुणी म्हणू शकणार नाही.

या प्रश्नाची दोन मोठी उत्तरे नागपूरच्या पंचक्रोशीतच मिळतात, आणि ती एकमेकांशी भांडतात.

पहिले उत्तर नागपूरहून सुमारे पाऊणशे किलोमीटरवर, सेवाग्रामला आहे. मार्च १९३६ मध्ये गांधीजींनी जमनालाल बजाजांना कळवले होते की आपल्यासाठी झोपडी बांधायची तर खर्च होईल तितका कमी करावा, आणि काही झाले तरी तो १०० रुपयांवर जाऊ नये. एप्रिलअखेर ते शेगावला राहायला गेले; त्या गावाचे पुढे सेवाग्राम झाले. तिथली बापू कुटी मूळची त्यांच्या शिष्या मीराबेन यांची. मातीच्या जाड भिंती, बांबू, वर कवेलू, पुढे पडवी. इमारतशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर जाड माती दुपारची उष्णता कित्येक तास अडवून धरते, पडवी भिंतीवर ऊन पडू देत नाही आणि कवेलूंच्या फटींतून गरम हवा निघून जाते. जानेवारी १९७८ मध्ये विचारवंत इव्हान इलिच सेवाग्रामला आला होता. त्या कुटीत बसून त्याला जे सुचले त्यावर त्याने तिथेच भाषण केले. वस्तूंनी ठासून भरलेली मोठी घरे माणसाला दुबळी करतात, हा त्याचा रोख होता. कमी गरजा, कमी खर्च, कमी हिंसा: सेवाग्रामचे उत्तर इतके स्वच्छ आहे.

दुसरे उत्तर दीक्षाभूमीशी जोडलेले आहे, जरी ते दिल्लीत दिले गेले होते. १९४२ ते १९४६ या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते आणि वीज हा विषय त्यांच्याकडे होता. ऑक्टोबर १९४३ मध्ये युद्धोत्तर वीजविकासाच्या धोरण समितीपुढे बोलताना त्यांनी वीज स्वस्तही हवी आणि मुबलकही हवी, असा आग्रह धरला. विजेवाचून उद्योग नाहीत आणि उद्योगांवाचून दारिद्र्याच्या चक्रातून सुटका नाही, हे त्यांचे गणित होते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात दीक्षाभूमीवर ते ज्या बुद्धाला शरण गेले, तोही त्यांच्या मांडणीत दारिद्र्याला धन्य मानणारा नव्हता. पिढ्यान्‌पिढ्या पत्र्याखाली तापलेल्या माणसाला ‘गरजा कमी कर’ असे सांगणे हा उपदेश नव्हे, थट्टा आहे. स्वेच्छेने घेतलेली झोपडी आणि नशिबी आलेली झोपडी या दोन वेगळ्या वस्तू आहेत. बाबासाहेबांनी दुसरीत काय भोगावे लागते ते जाणले होते.

मग नागपूरच्या उन्हात कुणाचे ऐकायचे?

अंगुत्तर निकायात बुद्धाने अनाथपिंडिकाला गृहस्थाची चार सुखे सांगितली आहेत: संपत्ती असण्याचे, ती भोगण्याचे, डोक्यावर ऋण नसण्याचे आणि आपल्या हातून दोष घडत नसल्याचे. अनाथपिंडिक हा श्रेष्ठी, म्हणजे पैसेवाला. त्याला बुद्ध घर सोडायला सांगत नाही. भोगाला तो सुखच म्हणतो. पण पहिल्या तिन्ही सुखांना चौथ्याच्या सोळाव्या हिश्शाचीही सर नाही, असे शेवटी बजावतो. नागपूरच्या एसीवाल्या फ्लॅटला हे माप लावून पाहावे. घर आहे, गारवाही आहे. ऋण नसण्याचे सुख बँकेचा हप्ता संपल्यावर, म्हणजे वीस वर्षांनी मिळेल. चौथे मात्र त्या माणसाच्या हातात जवळपास नाहीच, कारण भिंत किती जाड असावी, खिडकीवर छज्जा असावा की नाही, हे त्याने ठरवलेले नसते. त्याला घर मिळते तेव्हा दोष आधीच सिमेंटमध्ये ओतलेला असतो.

ऊर्जेची बचत हा वैयक्तिक संयमाचा विषय मानण्यात मोठी चूक आहे ती इथे. एसी २४ अंशांवर ठेवा, हा सल्ला चांगलाच आहे; ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या हिशेबाने एकेका अंशामागे सुमारे सहा टक्के वीज वाचते आणि २०२० पासून स्टारवाल्या नव्या एसींवर तेच तापमान आधीपासून लावलेले येते. पण ज्याने आराखडा केला, ज्याने मंजूर केला आणि ज्याने विकला, ते तिघे मोकळे सोडून राहणाऱ्याला रिमोटविषयी नीतिपाठ देणे सोयीचे असले तरी न्यायाचे नाही. बिल्डर भिंतीचा खर्च करतो, बिल दुसराच भरतो. घरमालक स्लॅबला पांढरा परावर्तक रंग लावत नाही, कारण तापतो तो भाडेकरू. यात कुणी दुष्ट नाही. प्रत्येक जण आपल्यापुरता शहाणपणानेच वागतो, आणि सगळ्यांच्या शहाणपणाची बेरीज म्हणजे मे महिन्यातले आपले शहर.

आराखडा बदलला तर खर्च वाढतोच का? हैदराबादजवळ पोचारमला इन्फोसिसने एक इमारत मुद्दाम दोन सारख्या भागांत बांधली. एका भागात नेहमीसारखी थंड हवा खेळवणारी, पण चांगल्या दर्जाची यंत्रणा, दुसऱ्यात स्लॅबमधूनच गार पाणी फिरवणारी. ऊन आत येऊ नये याची काळजी दोन्ही भागांत घेतलेली. दोन वर्षांच्या मोजमापात दुसऱ्या भागाला ३४ टक्के कमी वीज लागली, आणि उभारणीचा खर्चही किंचित कमीच आला. काच, सावली, भिंत आणि यंत्र यांचा विचार एकत्र केला की यंत्र लहान होते आणि त्यात वाचलेला पैसा भिंतीच्या कामी येतो. कॉर्पोरेट कचेरीचे उदाहरण गरिबाला काय कामाचे, असे कुणी म्हणेल. त्याला राजकोटचे ‘स्मार्ट घर-३’ दाखवावे. प्रधानमंत्री आवास योजनेतली ही १,१७६ घरे; भारत-स्विस इमारत ऊर्जा प्रकल्पाच्या तज्ज्ञांनी आराखड्याच्या टप्प्यावरच त्यांत हात घातला. भिंतींचे साहित्य बदलले, पूर्ण काचेऐवजी अर्धवट काचेच्या, पूर्ण उघडणाऱ्या खिडक्या दिल्या, आणि इमारतीतल्या उभ्या पोकळीतून हवा खेचली. एसी नाही, उपदेश नाही. फक्त घर कमी तापते. नागपूरच्या कडेला तरोडी आणि वांजरीला त्याच योजनेतली घरे उभी राहिली आहेत, आणि राजकोटपेक्षा इथला मे सौम्य आहे असे कुणी म्हणणार नाही.

अडचण आहे ती पहिल्या पैशाची. तो कुणी द्यायचा?

विनयपिटकाच्या चुल्लवग्गात कोसंबीची एक गोष्ट आहे. उदेन राजाच्या राण्यांनी बुद्धाचा शिष्य आनंद याला ५०० चीवरे दान दिली. राजाला राग आला: श्रमण इतकी वस्त्रे घेऊन काय व्यापार मांडणार आहे? त्याने जाऊन सरळ विचारले. आनंद म्हणाला, ज्यांची चीवरे विरली आहेत त्या भिक्खूंना वाटू. मग त्या विरलेल्या चीवरांचे काय? त्यांची पांघरुणे होतील. जुन्या पांघरुणांचे? गादीच्या खोळी. त्या फाटल्या की जमिनीवर अंथरायला, मग पाय पुसायला, मग धूळ झटकायला; आणि शेवटी त्या चिंध्या कुटून चिखलात मळून जमीन सारवायची. राजाने हिशेब ऐकला आणि आणखी ५०० वस्त्रे दिली. ही गोष्ट भिक्खूंच्या काटकसरीची म्हणून सांगितली जाते, पण तीत राजाचे वागणेही पाहण्यासारखे आहे. त्याने त्यागाची स्तुती करून पाठ फिरवली नाही. आधी हिशेब मागितला, मग अनुदान दिले. आणि चिंध्यांचा शेवट सारवणात, म्हणजे इमारतीत झाला, हेही आहेच.

वीज कंपन्यांच्या बचत-योजनांचे सार यापेक्षा वेगळे नाही. एक युनिट जास्त तयार करण्यापेक्षा एक युनिट वाचवणे स्वस्त पडत असेल तर वाचवणाऱ्याला कंपनीने पैसे द्यावेत. मुंबईत टाटा पॉवरसारख्या कंपन्यांनी जुने पंखे, एसी घेऊन पंचतारांकित उपकरणे सवलतीत दिली. जानेवारी २०१५ मध्ये सुरू झालेल्या उजाला योजनेत तर एकगठ्ठा खरेदीमुळे एलईडी दिव्याचा खरेदीभाव ३१० रुपयांवरून दोन-अडीच वर्षांत ३८ रुपयांवर आला, आणि अनेक ठिकाणी ग्राहकाला दिव्याची किंमत वीजबिलातून हप्त्याने फेडता आली. कुणी कुणाला अंधारात बसायला सांगितले नाही. पण दिवा विकत घेणारा आणि बिल भरणारा एकच असतो. भिंतीचे तसे नाही. म्हणून इमारतींसाठी अनुदान आराखड्याच्या टप्प्यावर आणि आराखडा करणाऱ्यापर्यंत पोचावे लागते. कॅलिफोर्नियातल्या वीज कंपन्यांच्या ‘सेव्हिंग्ज बाय डिझाइन’ योजनेत मालकाबरोबर आराखडा करणाऱ्यांनाही मोबदला मिळत असे. सल्लागाराचे मानधन यंत्रांच्या किमतीच्या टक्क्यांवर ठरत असेल, तर लहान यंत्र सुचवणे म्हणजे स्वतःच्या पोटावर पाय देणे. ते तसे राहू नये, एवढाच त्यामागचा व्यवहार.

आता खरी तिढ्याची गोष्ट. महावितरण म्हणजे उदेन राजा नव्हे. तिचा पैसा ग्राहकांचाच. बेसाच्या फ्लॅटला दिलेले अनुदान ताजबागच्या एका खोलीत राहणाऱ्याच्या बिलातूनही येणार. मग हे दान की लूट?

नियामकांनी यावर कसोट्या काढल्या आहेत. कॅलिफोर्नियात १९८३ साली त्यांची पहिली पुस्तिका निघाली; महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाने २०१० मध्ये मागणी-व्यवस्थापनाचे विनियम केले आणि अशा योजना किफायतशीर आहेत की नाहीत हे तपासायला वेगळे विनियम काढले. दिसायला हा कोरडा तांत्रिक मामला. प्रत्यक्षात प्रत्येक कसोटी म्हणजे एकेक नीतिविचार आहे. एक विचारते, भाग घेणाऱ्याचा फायदा झाला का? दुसरी, कंपनीचा झाला का? तिसरी, भाग न घेणाऱ्याचे दर वाढले का? चौथी, सगळ्यांचा मिळून खर्च कमी झाला का? पाचवी, म्हणजे समाजाची कसोटी, त्यात धूर आणि राखही धरते. एकच पांढरे छत एका कसोटीत उत्तीर्ण होते आणि दुसरीत नापास.

तिसरी कसोटी ऐकायला सर्वांत न्यायी वाटते. कुणीच हरता कामा नये! पण तिचा कारभार पाहावा. ग्राहकाने वीज वाचवली की कंपनीची विक्री घटते. तारा, रोहित्रे, कर्मचारी आणि वीज केंद्रांशी केलेल्या करारांचा स्थिर आकार तेवढाच राहतो, आणि तो उरलेल्या युनिटांवर पडतो. म्हणजे जवळपास कोणतीही खरी बचत या कसोटीत हरते. शिवाय ‘कुणीच’ म्हणजे कोण? यादीत आजचे ग्राहक आहेत. खसाळ्याचा शेतकरी ग्राहक म्हणून असेल, राखेचा धनी म्हणून नाही. पुढची पिढी तर नाहीच. निर्बलाचे हित पाहण्याच्या नावाखाली यथास्थिती राखणारी ही कसोटी एकट्याने निर्णायक असू नये. ताजबागच्या भाडेकरूची काळजी असेल तर योजना बंद करणे हा त्यावर उपाय नाही. त्याच्या पत्र्यापासून योजना सुरू करणे हा आहे. परावर्तक रंगाने खोलीचे तापमान दोन ते पाच अंशांपर्यंत उतरू शकते, खर्चही मोठा नसतो. तेलंगणाने २०२३ मध्ये यासाठी राज्याचे धोरणच जाहीर केले. नागपूर हे २०१६ पासून उष्माघात कृती आराखडा राबवणाऱ्या देशातल्या सुरुवातीच्या शहरांपैकी आहे, तेव्हा इथे अज्ञानाची सबब चालण्यासारखी नाही.

आणखी एक आकडा या कसोट्यांत लपलेला असतो: भविष्यातल्या रुपयाची आजची किंमत. वर्षाला दहा टक्के दर धरला तर वीस वर्षांनी वाचणारे १०० रुपये आज जेमतेम १५ रुपयांचे ठरतात. तीन टक्के धरला तर ५५ चे. भिंत साठ वर्षे उभी राहणार, पण दहा टक्क्यांच्या हिशेबात तिच्या शेवटच्या चाळीस वर्षांना फारच थोडी किंमत उरते. फ्रँक रॅम्सी या केंब्रिजच्या पंचविशीतल्या गणितज्ञाने १९२८ मध्येच लिहून ठेवले की नंतर येणाऱ्यांचे सुख केवळ नंतरचे म्हणून कमी लेखणे नीतीला धरून नाही. वर्ध्याच्या मगनवाडीचे गांधीवादी अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पा यांनी साठ्यावर जगणारी आणि प्रवाहावर जगणारी अशा दोन अर्थव्यवस्था सांगितल्या. कोळसा पहिलीतला, ऊन-वारा-माती दुसरीतली. केंब्रिजचा तर्कशास्त्री आणि मगनवाडीचा खादीधारी हिशेबनीस एकाच ठिकाणी पोचतात, हे गमतीचे आहे. बिल्डरने बाजारभावाने हिशेब करावा. सार्वजनिक कंपनीने आणि आयोगाने तोच दर लावला तर त्यांच्यात आणि बिल्डरमध्ये फरक तो काय?

सध्याचे धोरण मात्र छताच्या वरच जास्त पैसा ठेवते. फेब्रुवारी २०२४ मध्ये आलेल्या पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॉटच्या सौर संचाला ७८,००० रुपयांचे अनुदान मिळते. योजना चांगली आहे. पॅनेलची सावली स्लॅबवर पडते हा तर फुकटचा लाभ. पण ती ज्याला स्वतःचे छत आहे त्याची. त्याच छताखालची उष्णता अडवायला तीत एक पैसाही नाही, आणि स्लॅब घरात ऊन सोडतो त्या रात्रीच्या वेळी पॅनेल झोपलेले असतात. दुसरीकडे केंद्राची निवासी इमारतींसाठीची ‘इको निवास संहिता’ २०१८ पासून तयार आहे. भिंती-खिडक्यांतून आत येणारी उष्णता चौरस मीटरला १५ वॉटच्या आत ठेवा, असे ती सांगते. राज्याने बांधकाम नियमांत उतरवल्याशिवाय अशी संहिता कागदच राहते.

सेवाग्राम आणि दीक्षाभूमी यांच्यातले भांडण इथे मिटते असे नाही, पण त्याची धार बोथट होते. मातीची कुटी नागपूरच्या जमिनीच्या भावात सात मजले चढणार नाही, आणि मुबलक विजेचे स्वप्न राखेच्या बांधापाशी अडते. कमी विजेत तितकाच गारवा देणारे घर बाबासाहेबांच्या माणसाला त्याचा हक्क नाकारत नाही आणि गांधीजींच्या माणसाला चोरीचा वाटेकरी करत नाही. त्याचा पहिला खर्च समाजाने उचलावा, आणि ज्याचे छत सर्वांत जास्त तापते त्याच्यापासून सुरुवात करावी, हाच त्यातला न्याय्य क्रम होय.

वीज कायदा २००३ च्या कलम ६४ नुसार दर ठरवण्याआधी आयोगाला लोकांच्या सूचना आणि हरकती विचारात घ्याव्या लागतात. हरकती येतात त्या बहुतेक वाढीव दराविषयी. पुढच्या वेळी नागपूरकरांनी आणखी तीन गोष्टी लिहाव्यात: बचत-योजनांचा निर्णय समाजाच्या कसोटीवर करा, परावर्तक छतांचे अनुदान भाड्याच्या आणि पत्र्याच्या घरांपासून सुरू करा, आणि नव्या इमारतीला जोडणी देण्याआधी आराखड्यातल्या बचतीसाठी मदत द्या. हरकत कोणत्याही ग्राहकाला लेखी नोंदवता येते. त्यासाठी वकील लागत नाही.